घरच्या भाजीचं बी: विकत काय घ्यायचं, धरायचं काय, वाटायचं काय

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात घरामागे दोन वाफे आणि गच्चीवर पंधरा-वीस कुंड्या. दर हंगामाला बियाण्यांची पाकिटं आणायची आणि अर्धी वाया घालवायची. घरचं बी धरून पाहिलं, तर टोमॅटो भलत्याच आकाराचे आले, दुधी कडू निघाला आणि बरणीतल्या वालाचा भुगा झाला. चुकतं कुठे, आणि शेजारीपाजारी बियांची देवाणघेवाण करायची तर कशी?

तिन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत. टोमॅटोचं कारण पाकिटात होतं, दुधीचं बहुधा फुलात आणि वालाचं शेंगेत. पण आपल्याकडे घरचं बी बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण या तिन्हींत नाही. ते म्हणजे बी पावसाळ्यात धरणं. जूनमध्ये लावलेली भेंडी-काकडी ऑगस्ट-सप्टेंबरात पिकते, तेव्हा हवेतच इतकी ओल असते की बी कितीही दिवस पसरून ठेवलं तरी पुरतं वाळत नाही. वरून कोरडं दिसतं, बरणीत भरलं की बुरशी धरतं किंवा सहा महिन्यांत रुजायचं बंद होतं. म्हणून घरच्या बागेपुरता नियम सोपा ठेवा: खरिपाची भाजी खायची, बी रब्बी आणि उन्हाळ्याच्या झाडांचं धरायचं. फेब्रुवारी ते मे या काळात पिकणारं बी देशावर हवेनेच वाळतं. कोकणात इतका पाऊस असून वालाचं बी पिढ्यान्‌पिढ्या टिकलं, त्यामागेही हेच आहे. तिथे वाल भात कापल्यावर जमिनीतल्या ओलीवर येतो, जानेवारीत पोपटीपुरता हिरवा असतो आणि पुढे कोरड्या दिवसांत वेलावरच वाळतो.

आता खरेदीपासून.

पाकिटावरचं चित्र विसरा, मागची बाजू वाचा. पहिली गोष्ट म्हणजे ‘संकरित’, ‘हायब्रिड’ किंवा ‘एफ-१’ असं कुठे लिहिलंय का. एफ-१ म्हणजे दोन वेगळ्या शुद्ध वाणांचा मुद्दाम केलेला पहिल्या पिढीचा संकर. ही झाडं एकसारखी आणि जोमदार येतात, पण त्यांचं बी पेरलं की आजी-आजोबांचे गुण सुटे होऊन बाहेर पडतात. एक झाड बुटकं, एक पसरणारं, एकाचं फळ चपटं, एकाचं आंबट. तुमच्या टोमॅटोचं हेच झालं. बाजारातल्या जाड सालीच्या, दूरवर पाठवता येणाऱ्या टोमॅटोचं बी धरलं तरी बहुतेक वेळा हाच अनुभव येईल, कारण ती फळं जवळपास सगळी संकरित वाणांची असतात. संकरित वाण वाईट नसतात. त्यांचं बी दर वेळी विकत घ्यायचं, एवढंच.

बी धरायचं असेल तर सरळ वाण (ज्याच्या बियांतून पुढच्या पिढीतही तसंच झाड येतं) किंवा सुधारित वाण मागा. घरच्या बागेला चालतील अशी काही नावं: भेंडीत परभणी क्रांती आणि अर्का अनामिका, टोमॅटोत पुसा रूबी आणि अर्का विकास, मिरचीत पुसा ज्वाला आणि फुले ज्योती, दोडक्यात पुसा नसदार, फुले सुचेता, कोकण हरिता, कारल्यात कोकण तारा आणि फुले ग्रीन गोल्ड, काकडीत हिमांगी आणि फुले शुभांगी, पडवळात कोकण श्वेता, मेथीत पुसा अर्ली बंचिंग, पालकात ऑल ग्रीन, मुळ्यात पुसा चेतकी. नुसत्या नावावरून मात्र अंदाज बांधू नका. अर्का विकास सरळ वाण आहे आणि अर्का रक्षक संकरित, दोन्ही एकाच सरकारी संस्थेचे. राहुरी, दापोली, परभणी आणि अकोला इथल्या कृषी विद्यापीठांच्या विक्री केंद्रांत आणि जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात हंगामाच्या तोंडावर विचारा. बंगळुरूची भारतीय बागवानी संशोधन संस्था ऑनलाइनही बी विकते.

दुसरी गोष्ट म्हणजे लेबल. निळं लेबल प्रमाणित बियाण्याचं असतं. ते राज्याच्या प्रमाणीकरण यंत्रणेने तपासलेलं असतं, आणि तिचं मुख्यालय अकोल्याला आहे. हिरवं लेबल सत्यप्रत बियाण्याचं, म्हणजे गुणवत्तेची हमी उत्पादक स्वतः देतो. भाजीपाल्यात हिरवंच जास्त दिसतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बघायचं ते चाचणीची तारीख, वैधतेची मुदत आणि उगवणशक्तीचा आकडा. कायद्याने किमान उगवण टोमॅटो-वांग्याला ७० टक्के, भेंडी-कोथिंबिरीला ६५, मिरची आणि वेलवर्गीय भाज्यांना ६० टक्के लागते. म्हणजे मिरचीच्या दहा बियांतून सहाच रोपं आली, तर दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही. मुदतीत असलेलं पण दुकानाच्या दारात उन्हात लटकलेलं पाकीट घेऊ नका. आतलं बी तारखेच्या कितीतरी आधी म्हातारं झालेलं असतं.

बियांना गुलाबी, लाल, निळा किंवा हिरवा भडक रंग असेल तर त्यावर बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेलं आहे. असं बी हाताळल्यावर साबणाने हात धुवा. उरलेली मेथी डब्यात टाकू नका, उरलेला वाटाणा पाखरांना घालू नका.

प्रमाणाचाही विचार करा. टोमॅटोच्या एका ग्रॅममध्ये साधारण तीनशे बिया असतात. शेतकऱ्यासाठी बांधलेलं दहा ग्रॅमचं पाकीट घेतलं, तर तीन हजार रोपांचं बी घरात येतं आणि लागतात दहा. चार-पाच घरांनी मिळून पाकीट घ्यावं आणि उघडल्या दिवशीच वाटून टाकावं. ‘निळी स्ट्रॉबेरी’, ‘सात रंगांची मिरची एकाच झाडाला’ असलं काही ऑनलाइन दिसलं तर पुढे सरका. आणि परदेशातून न मागवलेलं बियांचं पाकीट टपालाने आलं तर ते पेरू नका. २०२० साली अशा पाकिटांबद्दल केंद्र सरकारने राज्यांना सावध केलं होतं, कारण त्यांतून नवं तण किंवा रोग येऊ शकतो.

वाण्याकडचे धणे, मेथी, मोहरी, चवळी, वाल हे सगळं बहुतेक वेळा रुजतं. भाजलेलं किंवा डाळ केलेलं नको, अख्खं हवं. धण्याचा एक गोल दाणा म्हणजे दोन बिया. पोळपाटावर ठेवून वाटीच्या बुडाने हलकेच रगडून दोन फाका करायच्या, चुरा नाही. एक तोटा आहे: मसाल्याच्या धण्याचे वाण दाण्यासाठी निवडलेले असतात, म्हणून ती कोथिंबीर लवकर फुलावर येते. बाजारातून आणलेल्या भेंडी, काकडी, दुधी यांच्या बिया पेरायच्या भानगडीत पडू नका. ही फळं कोवळी तोडलेली असतात, आतलं बी पोसलेलंच नसतं. लाल भोपळा पूर्ण पिकलेला असतो, त्याचं बी रुजतं. पुढच्या वेलाचा भोपळा कसा निघेल, हे मात्र सांगता येत नाही.

आता बी धरणं. कोणत्या भाजीपासून सुरुवात करायची हे तिच्या फुलावर ठरतं.

घेवडा, चवळी, वाटाणा, गवार, मेथी आणि टोमॅटो यांचं फूल आपल्याच परागकणांनी फळतं. ही सगळ्यात सोपी. शेजारी दुसरा वाण असला तरी फारसं बिघडत नाही. दोन वाणांत तीन-चार मीटर अंतर ठेवलं की घरापुरतं पुरे. प्रमाणित बियाण्यालाही टोमॅटोसाठी २५ मीटरच अंतर लागतं. वाल बहुतांशी याच गटातला, फक्त त्याच्या फुलांवर भुंगे येतात, म्हणून दोन वाणांचे वेल एकाच मांडवावर नकोत.

वांगी, मिरची आणि भेंडी मधली. स्वतः फळतात, पण मधमाशीने परागकण आणले तर तेही घेतात. गच्चीवर ढोबळी आणि लवंगी शेजारी असतील तर ढोबळीच्या बियांतून पुढच्या वर्षी तिखट ढोबळी मिळते. याच वर्षीची ढोबळी तिखट होत नाही, हे लक्षात ठेवा. फळाचा गर आईचा असतो, बाहेरच्या परागकणांचा परिणाम फक्त आतल्या बीवर होतो. भेंडीला प्रमाणित बियाण्याच्या नियमात २०० मीटर अंतर लागतं. ते घरी कुठून आणणार? म्हणून कापडी पिशवी. भेंडीचं फूल सकाळी उघडतं आणि त्याच दिवशी मिटतं. उद्या उघडणारी कळी आदल्या संध्याकाळी ओळखू येते, ती फुगते आणि टोकाला पिवळी दिसते. तिच्यावर मलमलीची किंवा ऑर्गंझाची छोटी पिशवी चढवा आणि दोन दिवसांनी काढा. फूल आतल्या आत फळतं. देठाला लाल दोरा बांधा, नाहीतर घरातलं कोणीतरी ती भेंडी भाजीला तोडणारच. मिरचीला एकेक कळी झाकणं अवघड, त्यापेक्षा कळ्या लागलेल्या आख्ख्या फांदीवर मच्छरदाणीच्या जाळीची पिशवी बांधा. आधीची फुलं-फळं काढून टाका, रोज सकाळी फांदी हलकेच झटका, आठ-दहा मिरच्या धरल्या की पिशवी काढून दोरे बांधा.

मुळा, माठ, राजगिरा, पालक, कांदा, गाजर आणि सगळे वेल यांना दुसऱ्या फुलाचे परागकण लागतात किंवा सहज मिळतात. माठ आणि पालक यांचे परागकण वाऱ्यावर उडतात. लाल माठ आणि हिरवा माठ एकाच वेळी बियाला सोडले तर पुढची पिढी मिसळते, म्हणून एका हंगामात एकच सोडा. आपला नेहमीचा पालक विलायती पालकाचा नाही, बिटाचा भाऊबंद आहे. त्याची ‘बी’ म्हणजे दोन-तीन बियांचा खडबडीत गठ्ठा असतो, त्यामुळे एका ठिकाणाहून दोन-तीन रोपं आली तर गोंधळू नका. मुळा आणि कांदा यांचं बी एक-दोन झाडांचं धरलं तर पुढची पिढी दुबळी होत जाते. पंधरा-वीस झाडं सोडायची जागा नसेल तर सरळ विकत घ्या. कोबी, फुलकोबी आणि विलायती गाजर यांना फुलावर यायला मोठी थंडी लागते, तेव्हा आपल्या सपाटीवर त्यांच्या बियांचा नाद सोडा.

वेलांवर जरा जास्त लिहितो, कारण कडू दुधीचा प्रश्न इथलाच. ‘कारल्याशेजारी दुधी लावला म्हणून कडू झाला’ हे तुम्हाला चारजण तरी सांगतील. ते खरं नाही. कारलं आणि दुधी यांचा संकर होत नाही. दुधी दुधीशी, काकडी काकडीशी, लाल भोपळा लाल भोपळ्याशी. दोडका आणि घोसाळं मात्र जवळचे नातलग आहेत, त्यांच्यात गडबड होऊ शकते. दुधीत कडवटपणा येतो तो कुकरबिटॅसिन नावाच्या द्रव्याने. ते कडक उन्हाच्या आणि पाण्याच्या ताणाने वाढतं, पण बियातूनही येतं. सतार-तंबोऱ्याचा भोपळा आणि कुंपणावर आपोआप वाढणारा कडू भोपळा हे दुधीच्याच जातीचे. त्यांचे परागकण तुमच्या दुधीच्या फुलावर पडले तर त्या वर्षीचा दुधी गोडच लागतो आणि त्याच्या बियांतून कडू वेल निघतो. कडू दुधी शिजवून किंवा रस काढून अजिबात घेऊ नका, त्याने विषबाधा होते, माणसं दगावलेली आहेत. ज्या वेलाचं एक जरी फळ कडू लागलं त्या वेलाचं बी ठेवायचं नाही. बियाला फळ राखण्याआधी त्याच वेलाचं एक कोवळं फळ तोडून छोटा तुकडा जिभेला लावून बघा आणि कडू लागला तर थुंकून टाका.

वेलाचं शुद्ध बी हवं असेल तर परागीभवन हाताने करा. काम पाच मिनिटांचं, वेळ साधण्याचं. दुधी, दोडका आणि पडवळ यांची फुलं संध्याकाळी उघडतात, तर काकडी, कारलं, घोसाळं आणि लाल भोपळा यांची सकाळी. मादी फुलामागे इवलंसं फळ असतं, नराचा देठ नुसता असतो. उघडायच्या आधी दोन-तीन नर कळ्या आणि एक मादी कळी निवडा, प्रत्येकीचं टोक दोऱ्याने किंवा कपड्याच्या चिमट्याने बंद करा. फुलं उघडण्याच्या वेळी नर फूल तोडा, पाकळ्या काढा, मादी सोडवा आणि मधल्या भागावर परागकण अलगद चोळा. दोन वेगळ्या वेलांचे नर मिळाले तर उत्तम. मग मादी फूल पुन्हा बांधा आणि देठाला दोरा. निम्मी फुलं गळतील, ते धरूनच चार-पाच करा. वेलावर आधीच मोठी फळं लटकत असतील तर नवीन फळ धरत नाही, म्हणून ती आधी तोडून घ्या. एका दुधीत काहीशे बिया असतात, एक फळ राखलं की गल्लीला पुरतं.

आता एक चूक जवळपास सगळे करतात. चांगली भाजी खाऊन टाकायची आणि नजरेतून सुटून जून झालेली भेंडी बियाला ठेवायची. म्हणजे आपण निवड न करता उरलेलं घेतो. बियाचं झाड आधी निवडा: निरोगी, लवकर लागलेलं, भरपूर देणारं. शेजारच्या भेंड्यांची पानं पिवळ्या शिरांची झाली असताना जे झाड हिरवं राहिलं ते नक्की. त्याच्या दुसऱ्या ते पाचव्या भेंडीला हात लावू नका. झाडावर भेंड्या वाळू लागल्या की झाड नवी फुलं कमी करतं, तेव्हा एक-दोन झाडं बियाच्या नावाने सोडून द्या आणि बाकीची खा. पालेभाज्यांत उलट बघायचं. मेथी, कोथिंबीर, पालक यांत सगळ्यात आधी फुलावर येणारं रोप उपटून भाजीत घाला आणि सगळ्यात शेवटी फुलणाऱ्यांचं बी धरा. दरवर्षी पहिल्या फुलांचं बी घेतलं, तर चार वर्षांत तुमची कोथिंबीर पानांआधी धणे देऊ लागेल.

बी कधी तयार होतं? भेंडी फुलापासून महिना-सव्वा महिन्याने तपकिरी होते आणि शिरांवर तडकू लागते. घेवडा, वाल आणि चवळी यांची शेंग वेलावरच खडखडीत वाळावी. वांगं पिवळं पडून मऊ व्हायला हवं, जांभळ्या, खाण्याजोग्या वांग्यातलं बी कच्चं असतं. मिरची पूर्ण लाल. काकडी पिवळी-तपकिरी झाल्यावर तोडून आणखी दहा-बारा दिवस सावलीत ठेवा. कारलं नारिंगी झालं की उकलायच्या आत काढा, नाहीतर पाखरं नेतात. त्याच्या बियांवरचा लाल गर राखेत चोळून धुतला की सुटतो. दुधी आणि दोडका वेलावर वाळू द्या. हलवल्यावर आत बी वाजलं की झालं. दोडक्याच्या टोकाचं झाकण काढून उलटा झटकला की सगळं बी आपसूक बाहेर.

टोमॅटो आणि काकडी यांच्या बियांवर बुळबुळीत आवरण असतं, ते रुजण्याला अडवतं. म्हणून बी गरासकट काचेच्या पेल्यात काढा, पाणी घालू नका किंवा अगदी चमचाभर घाला, वर फडकं बांधा. उन्हाळ्यात एक ते दीड दिवस, थंडीत दोन-तीन दिवस. मधून ढवळा. वर पांढरी साय आली आणि बी खाली बसलं की भरपूर पाण्यात धुवा. तरंगणारं बी टाकून द्या. जास्त वेळ ठेवलं तर बी पेल्यातच मोड धरतं, आणि मेच्या उकाड्यात असं रातोरात होतं. धुतलेलं बी स्टीलच्या ताटलीत किंवा बारीक चाळणीत पसरा. वर्तमानपत्रावर पसरलं तर ते चिकटून बसतं. वांग्याला हे आंबवणं लागत नाही, पाण्यात कुस्करून बुडालेलं बी घ्यायचं. मिरचीचं बी काढताना हातमोजे घाला, आणि मिक्सरचा मोह टाळा.

वाळवणी सावलीत, पंख्याखाली किंवा वारा खेळत्या खोलीत, चार ते आठ दिवस. दुपारच्या कडक उन्हात गच्चीच्या फरशीवर ठेवलेलं बी तापून मरतं. बी ४० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. सकाळचं कोवळं ऊन चालेल. वाळलं की नाही ते असं पाहा: दुधीचं बी वाकवलं तर कट्‌कन मोडलं पाहिजे. वालाच्या दाण्यावर दात रोवला तर ठसा उमटायला नको. पावसाळ्यात बी धरायची वेळ आलीच, किंवा तुम्ही कोकण-गोव्यात असाल, तर तांदळाची मदत घ्या. तांदूळ कढईत मंद आचेवर रंग बदलू लागेपर्यंत परता, गरम असतानाच घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. पूर्ण थंड झाल्यावर बियांची मलमली पुरचुंडी त्यात पुरा. तांदूळ बियांच्या वजनाच्या दुप्पट हवा. दोन आठवड्यांनी बी काढून दुसऱ्या कोरड्या बरणीत ठेवा. सिलिका जेल असेल तर बियांच्या वजनाइतकं घेऊन आठवडाभर पुरे. नारिंगी मण्यांचं घ्या. निळ्या मण्यांत कोबाल्टचं क्षार असतं, ते स्वयंपाकघरात नको.

साठवणीचा ठोकताळा असा की बियातली ओल एक टक्क्याने घटली की आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. म्हणजे आधी वाळवणी, मग थंडावा. ओलसर बी फ्रिजमध्ये ठेवून काही साधत नाही. कागदी पुडीत बी, पुडी काचेच्या बरणीत, झाकणाला रबरी कडी, बरणी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. बाहेर काढल्यावर बरणी खोलीच्या उष्णतेला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर हवेतली वाफ थेट बियांवर जमते. असं ठेवलेलं टोमॅटो, वांगी आणि वेलांचं बी चार-पाच वर्षं चांगलं रुजतं, घेवडा-चवळी तीन, मिरची दोन-तीन, भेंडी दोन. कांद्याचं बी एका वर्षाच्या वर धरून चालू नका.

तुमच्या वालाचा भुगा करणारा भुंगेरा बाहेरून बरणीत शिरलेला नव्हता. शेंग वेलावर वाळत असतानाच मादी तिच्यावर अंडी घालते, अळी दाण्यात शिरते आणि मग घट्ट झाकणाच्या आत पिढ्या वाढतात. उपाय म्हणजे खडखडीत वाळलेले दाणे बंद डब्यात घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवणं. ओले दाणे फ्रीझरमध्ये मरतात, हे विसरू नका. फ्रीझर नको असेल तर जुना मार्ग आहे: किलोला चमचाभर एरंडेल चोळायचं, किंवा चाळलेल्या गोवरीच्या राखेत दाणे पूर्ण बुडवून ठेवायचे. नुसता कडुनिंबाचा पाला टाकून भागत नाही. आणि तो ओला असेल तर बरणीत ओल आणतो ते वेगळंच.

पेरणीच्या महिनाभर आधी उगवण तपासा. वीस बिया मोजा, ओल्या करून पिळलेल्या फडक्यात गुंडाळा, पिशवीत घालून सावलीत ठेवा. भेंडी, मुळा, चवळी यांचा निकाल आठवड्यात लागतो, टोमॅटोचा दहा दिवसांत, मिरची-वांग्याचा दोन आठवड्यांत. पंधराच्या वर मोड आले तर नेहमीप्रमाणे पेरा. दहाच्या आसपास असतील तर दुप्पट पेरा. पाच-सहावर आलं असेल तर ते बी कोणाला देऊ नका.

देवाणघेवाणीला मोठा मेळावा लागत नाही, सोसायटीतली दहा घरं पुरतात. पुडी छोटी करा: टोमॅटो, मिरची, वांग्याच्या वीस बिया, घेवडा-वालाचे दहा-पंधरा दाणे, दुधी-भोपळ्याच्या पाच-सहा. पुडीवर भाजीचं नाव, वाणाचं नाव किंवा ‘मूळ बी अमुक गावचं’, बी धरल्याचा महिना आणि वर्ष, आणि परागीभवन कसं झालं: झाकून, हाताने, की मोकळं. हा शेवटचा तपशील बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि नंतरचा सगळा वाद त्यावरूनच होतो. ‘गावरान’ या शब्दावर फार विसंबू नका, आजकाल तो कशावरही लागतो. देणाऱ्याला एकच विचारा: याचं बी तुम्ही किती हंगाम धरताय आणि फळ तसंच येतंय का?

काही बी देऊही नये, घेऊही नये. पानांवर चट्टेपट्टे पडलेल्या, आकसलेल्या घेवड्याचं बी, कारण त्याचा मोझॅक रोग बियातून जातो. फळांवर काळे किंवा खरबरीत ठिपके पडलेल्या टोमॅटोचं. आणि अर्थात कडू वेलाचं. भेंडीचा पिवळ्या शिरांचा रोग मात्र पांढरी माशी पसरवते, पण तसं झाड बियाला निवडण्याचं कारणही नाही. दुसऱ्याकडून आलेलं बी पहिल्या हंगामात वेगळ्या कुंडीत लावा, फळ बघा, चव बघा, आणि मगच पुढे वाटा.

कायद्याची शंका हमखास विचारली जाते. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ शेतकऱ्याला संरक्षित वाणाचंही बी राखायला, पेरायला, देवाणघेवाण करायला आणि विकायलाही मुभा देतो. फक्त ते वाणाच्या नावाचं लेबल लावून, ब्रँड म्हणून विकायचं नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्यासह कितीतरी गावरान वाण जपले आणि वाटले, त्याबद्दल त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. परदेशी राहणाऱ्या लेकीला वालाचं बी पाठवायचं असेल तर गोष्ट निराळी. बहुतेक देशांना पेरणीच्या बियाण्यासाठी रोगमुक्ततेचं शासकीय प्रमाणपत्र लागतं. सामानात लपवलेली पुडी विमानतळावर जप्त होते, दंडही होऊ शकतो. त्यापेक्षा तिथल्या भारतीय भाज्यांच्या बी-विक्रेत्याकडून घेतलेलं बरं.

तुम्ही या ऑक्टोबरात तीनच गोष्टी लावा: पुसा रूबीची चार रोपं, वालाचे दोन वेल, मेथीचा एक वाफा. टोमॅटोच्या दोन चांगल्या झाडांची दुसऱ्या घोसातली फळं पूर्ण पिकवा, वाल फेब्रुवारीपर्यंत वेलावर वाळू द्या, मेथीची उशिरा फुललेली आठ-दहा रोपं राखा. जानेवारीच्या शेवटी परभणी क्रांती आणि एक दुधीचा वेल लावा, म्हणजे त्यांचं बी पाऊस यायच्या आत, मेमध्ये हातात येईल. निघालेल्या बियांतलं निम्मं घरी ठेवा आणि उरलेलं किमान दोन घरांना द्या. एखाद्या वर्षी तुमचं पीक रोगाने गेलं, तर तेच बी तुम्हाला त्यांच्याकडे मागता येतं.